हलणारा दाणा

"आधी ध्रुव धर, आई. तो एकदा हाती लागला की बाकीचं आकाश आपणहून येतं. पण तोच चुकला, तर सगळं मुसळ केरात."

शाल्मलीचा आवाज वृषालीताईंच्या कानात इतका पक्का बसला होता, की गावाबाहेरच्या उघड्या सड्यावर तिपाई उभी करता करता त्या मोठ्यानं म्हणाल्या, "धरते गं बाई, धरते."

ऐकायला कुणी नव्हतं. चहूकडे काळा कातळ, त्याच्या भेगांतून वाळलेलं गवत, आणि लांब कुठंतरी एक टिटवी. समुद्राच्या बाजूची तांबूस कड विझत आली होती.

कार्तिक लागला की वृषालीताईंचा नेम ठरलेला असे. तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा, मग अंगणातल्या कळकाच्या काठीवर आकाशदिवा चढवायचा, एक माळ ओढायची, आणि मगच दुसऱ्या कामाला हात लावायचा. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यात खंड नव्हता. म्हणून लेकीनं निघण्याआधी दुर्बिणीच्या सामानाची पाठपिशवी पुढ्यात ठेवली, तेव्हा त्या हसल्या होत्या.

"देवाला दिवा दाखवायच्या वेळी मी तुझ्या आकाशाकडे कुठं बघत बसू?"

"आकाश काय देवाचं नाही? आणि दिवा लावूनच जा ना. अंगणात तसंही काही निघायचं नाही, तुझा आकाशदिवा आणि बाबांची आंब्याची कलमं दोन्ही आड येतात. आपल्याकडे ध्रुव क्षितिजाला चिकटून असतो. स्कूटर काढ, सड्यावर जा." मग शाल्मलीनं गळ्यात हात टाकले होते. "मी परत येईन तेव्हा देवयानीचा फोटो हवा मला. तू काढलेला. कबूल?"

"कबूल."

देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेची शेजारीण. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला पंचवीस लाख वर्षं लागतात. पंचवीस लाख वर्षं चालत आलेल्या पाहुणीला वृषालीताईंनी मात्र आज नको उद्या, उद्या नको परवा असं करत दारातच ताटकळत ठेवलं होतं. आधी चातुर्मासातली व्रतं, मग दिवाळी. आणि आज पिशवी घेऊन सड्यावर आल्या, तरी दुर्बिणीचं तोंड देवयानीकडे नव्हतंच. ते पूर्वेला, सह्याद्रीच्या माथ्यावर नुकत्याच आलेल्या कृत्तिकांच्या पुंजक्याकडे होतं. तिथंच कुठंतरी शाल्मली होती.

सूर्याच्या बरोबर उलट्या दिशेला, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, माणसानं एक मोठी दुर्बीण नेऊन ठेवली आहे. ती दुरुस्त करायला शाल्मली आणि तिचा एक जोडीदार गेले होते. काम झालं, परतीची वाट निम्मी सरली, आणि सूर्यावर वादळ उठलं. त्या तडाख्यात यानाचा मुख्य कॉम्प्युटर गेला, बोलायची अँटेना गेली. तीन दिवस झाले, यानातून शब्द नव्हता.

यान येत होतं यात शंका नव्हती. सोडलेला दगड जसा येतोच तसं. प्रश्न होता तो कसं येतंय याचा. आतली दोघं शुद्धीवर असतील तर ती यान हातानं सांभाळतील, त्याचं तोंड सरळ ठेवतील. नसतील, तर ते कोलांट्या खात येईल, आणि कोलांट्या खाणारं यान वातावरणात शिरलं की त्याची राख होते. मोहिमेच्या कचेरीतला अंशुमन नाईक रोज फोन करायचा. आवाज गोड, पण आत काही नाही. "काकू, मोठ्या दुर्बिणी लावल्यात. खात्री झाल्याशिवाय आम्ही घरच्यांना काही सांगत नाही, तसा नियमच आहे." फक्त यान या घटकेला आकाशात कुठं असायला हवं, ते मात्र फोनवर रोज येई.

ते बघूनच वृषालीताईंनी पिशवी उचलली होती.

पिशवीतलं सामान म्हणजे भातुकलीच. हातभर लांबीची दुर्बीण, मुठीएवढा कॅमेरा, तिपाई, आणि तिपाईच्या माथ्यावर बसणारा एक चपटा डबा. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. हा डबा त्याच वेगानं उलटा फिरतो, आणि तारे कॅमेऱ्यापुरते जागच्या जागी थांबतात. त्याची मान ध्रुवाकडे लावली तरच हे जमतं. दुर्बिणीच्या तोंडाशी एक गरम राहणारा पट्टा बांधायचा, नाहीतर कार्तिकातलं दंव काचेवर बसून सगळं धुकट करतं. पूर्वी असल्या चिमुकल्या दुर्बिणीतून एवढी लांबची वस्तू दिसत नसे. पण नव्या कॅमेऱ्यांची चिप उजेडाचा एकेक कण मोजते आणि तो कुठल्या क्षणी पडला तेही लक्षात ठेवते. रिकाम्या तांब्यात एक थेंब पडला तरी तांब्याला कळावं, तसं.

खालचा कातळ घट्ट. तिपाई जराही हलत नव्हती. वृषालीताईंनी गुडघे टेकून ध्रुव धरला, दुर्बीण कृत्तिकांकडे वळवली, बटण दाबलं, आणि पदर कानांवरून घेऊन स्कूटरला टेकल्या. तृतीयेचा चंद्र वर यायला थोडाच अवकाश होता. चंद्र आला की आकाश दुधानं माखणार, आणि मग काही निघणार नाही. ओठ आपोआप जप करत होते.

निघण्यापूर्वी एकदा शाल्मलीनं स्वयंपाकघरात स्टीलचं ताट उन्हात धरलं होतं, तेही त्यांना आठवलं. ताट गरागरा फिरवलं, तर भिंतीवरचा कवडसा लुकलुकत होता. दोन्ही हातांनी धरलं, तर कवडसा थांबला. "बघ आई, कुणी धरलेलं असलं की उजेड थांबतो."

*

घरी आल्या तेव्हा त्यांचे यजमान श्रीरंगराव पडवीत बसले होते. काजूचा कारखाना भाच्याकडे सोपवल्यापासून ते संध्याकाळी पडवीतच असत, आकाशाकडे पाठ करून. पण टॅब उघडल्याचा आवाज आला तशी मान वळली.

कॅमेऱ्यानं काढलेले फोटो टॅबनं एकावर एक रचून एकच चित्र केलं होतं. ही करामत करणाऱ्या प्रोग्रामला शाल्मली गाळणी म्हणायची. हल्ली डोळ्यांना दिसतात त्या ताऱ्यांपेक्षा माणसानं सोडलेले उपग्रहच वर जास्त. कुठलाही फोटो काढा, त्यावर मांजरानं ओरबाडल्यासारख्या रेघा. गाळणी त्या पुसते. ती प्रत्येक टॅबमध्ये असतेच, आणि बंद करायचं कुणाच्या मनातही येत नाही.

चित्र सुरेख होतं. कृत्तिकांच्या साती तारका आणि त्यांच्याभोवती निळसर धुळीचं तलम वस्त्र. कचेरीनं सांगितलेल्या जागी वृषालीताईंनी बोटानं गोल काढला.

गोल रिकामा होता.

त्यांनी चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. काळोखावाचून काही नव्हतं.

"नाही ना?" श्रीरंगराव म्हणाले.

"मी नवशिकी हो. माझं काही चुकलं असेल."

"मग हे निळं निळं कशाला दाखवतेस मला?" ते उठले. दाराशी थांबले, पाठमोरेच. "मी त्या दिवशी तिला 'ये' म्हटलं नाही, वृषाली."

वृषालीताईंना ते ठाऊक होतं. घरातून निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यानं त्यावर 'ये' म्हणायचं असतं. शाल्मली उड्डाणाआधी पडद्यावर आली होती, दोघांना वाकून म्हणाली होती, "येते हं, बाबा." एकुलती एक मुलगी एवढ्या लांब जातेय याचा राग धरून बसलेले बाबा तेव्हा ताडकन उठून कलमांना पाणी घालायला गेले होते. भर पावसाळ्यात.

"मी म्हटलं होतं," वृषालीताई हळूच म्हणाल्या. "दोघांच्या वाटचं."

टॅब विचारत होता, "मूळ फोटो पुसायचे?" वृषालीताई देवावरचं निर्माल्यसुद्धा वाटेल तिथं टाकत नसत. इथं तर लेकीच्या दिशेनं आलेला उजेड होता, मग तो रिकामा का असेना. त्यांनी 'नको' दाबलं आणि दिवा मालवला.

*

दुसऱ्या दिवशी संकष्टी. धाकटी नणंद मेधा पलीकडच्या वाडीतून हातात नारळ घेऊन आली. वहिनीचं तोंड बघून तिनं सरळ तांदळाचा डबा ओढला.

"उपास तुझा, पण सोडायला वरणभात लागेल ना? सरक. निवडते मी."

"निवडायला काय झालंय त्यांना?"

"काय झालंय? वहिनी, या तांदळात पोरकिड्यांचं संमेलन भरलंय! दिवाळीपासून डबा उघडला होतास की नाही?"

वृषालीताईंना कसंनुसं हसू आलं. रोज नेमानं जप करणाऱ्या बाईनं डबा उन्हात ठेवायला विसरावं, म्हणजे मन कुठं होतं ते उघडच होतं. त्या समोर बसल्या. मेधानं तांदूळ ताटात पसरले आणि हात आखडून नुसती बघत राहिली.

"निवडतेयस की ध्यान लावलंयस?"

"आईची रीत. आधी हात लावायचा नाही. ताट ठेवायचं आणि गप बघायचं. दाणा बसून राहतो, किडा बसत नाही. जो हलतो तो किडा, उचल आणि टाक." तिनं चिमटीनं एक उचलून अंगणात भिरकावला. "हा बघ. कसा तुरुतुरु निघाला होता घरी!"

वृषालीताई ताटाकडे बघतच राहिल्या.

"वहिनी? अगो, काय झालं? चक्कर येतेय का? पाणी तरी घे!"

"जो हलतो तो टाकायचा," त्या पुटपुटल्या. "मेधा, तीसुद्धा हेच करते."

"ती कोण?"

"गाळणी!"

आणि साठीला टेकलेल्या, उपाशीपोटीच्या वृषालीताई तांदळाचं ताट ओलांडून आत धावल्या. ताट ओलांडू नये हेही त्यांना सुचलं नाही.

तारे आपल्या जागी असतात, सगळ्या फोटोंत त्याच ठिकाणी. गाळणी शेकडो फोटो एकमेकांवर ठेवते. जे सगळ्यांत एका जागी सापडतं ते खरं मानून ठेवते, जे एका फोटोत इथं आणि दुसऱ्यात तिथं दिसतं ते कचरा मानून टाकते. उपग्रहाची रेघ अशीच जाते. पण घराकडे निघालेलं यान काही ताऱ्यासारखं एका जागी बसून राहणार नव्हतं. तेही सरकत होतं. चोरट्याला अडवायला दारात बसवलेल्या राखणदारानं घरच्या लेकीलाही आत सोडलं नव्हतं.

त्यांनी गाळणी बंद केली. 'नको' दाबून राखलेले मूळ फोटो तसेच होते. एकेक फोटो म्हणजे काळोखावर टाचणीनं टोचलेल्या चार खुणा आणि ओरखडे. वृषालीताईंनी ते ओळीनं लावले आणि पुस्तकाची पानं भराभर चाळावीत तसे चाळले.

तारे थांबून राहिले. रेघा एका पानात चमकून दुसऱ्यात नाहीशा झाल्या. आणि कृत्तिकांच्या अंगाला, काल काढलेल्या गोलाच्या आतच, तांदळाच्या कणीहून बारीक असा एक ठिपका पानागणिक एकेक पाऊल टाकत चालला होता.

"अहो!" त्यांचा आवाज फुटला. "अहो, इकडे या! ती चाललीय!"

श्रीरंगराव चप्पल न काढताच आत आले. मेधा त्यांच्या मागोमाग, हाताला तांदळाची पूड तशीच.

"कुठाय?"

"हा. बाकी सगळे बसलेत. हा एकटा बघा."

"परत दाखव."

त्यांनी परत दाखवलं.

"परत."

मेधानं डोळ्यांना पदर लावला. "माझी भाची ती! आणि मी तिला किडा म्हणत होते गो!"

श्रीरंगराव मात्र हसले नाहीत. चष्मा काढून ते ठिपक्याच्या इतक्या जवळ गेले की त्यांच्या श्वासानं काच धुरकट झाली. "येतंय ते तर आधीच माहीत होतं, वृषाली. सोडलेला दगड येतोच. ते कसं येतंय ते कळतं का यात?"

वृषालीताईंनी टॅब परत पुढ्यात ओढला. हे त्यांनाही ठाऊक होतं. आनंदाच्या भरात त्यांनी ते मागे ढकललं होतं, एवढंच.

कॅमेऱ्याची चिप उजेडाचा कण कुठल्या क्षणी पडला ते लक्षात ठेवते. म्हणजे ठिपक्यातून कधी जास्त उजेड आला, कधी कमी, हे मागता येत होतं. यान कोलांट्या खात असेल, तर त्याचे मोठाले सौरपंख फिरत्या ताटासारखे चमकतील आणि विझतील, आणि आलेखावरची उजेडाची रेघ समुद्राच्या लाटांसारखी वरखाली होईल. शाल्मलीनं शिकवलं होतं तसं त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि हवं ते बटण शोधलं. दुसऱ्या हातानं त्यांनी गळ्यातली माळ धरली.

"हे लाटांसारखं निघालं तर?" मेधानं विचारलं.

"तर तसं," वृषालीताई म्हणाल्या. "जे असेल ते बघायचं. आता काही गाळायचं नाही."

त्यांनी दाबलं.

डावीकडून एक रेघ निघाली. सुरुवातीला ती खाली गेली, आणि श्रीरंगराव आणखी पुढे वाकले. पण तो नुसता क्षितिजाजवळच्या धुरकट हवेचा परिणाम होता, शेजारच्या ताऱ्याची रेघही तशीच दबलेली होती. मग दोन्ही रेघा सावकाश वर आल्या आणि बरोबरीनं चालू लागल्या. बारीकशी थरथर होती, वाऱ्यात आडोसा धरून नेलेल्या निरांजनाची असते तेवढीच. लाट नव्हती. कुठंच नव्हती. पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत रेघ सपाट होती.

"म्हणजे?" श्रीरंगरावांनी विचारलं.

"धरलंय."

"कुणी?"

"कॉम्प्युटर तर गेलाय, अंशुमननंच सांगितलंय. मग कोण धरणार?" वृषालीताई रडत होत्या आणि हसतही होत्या. "हातानं धरलंय हो. आपल्या शाल्मलीनं."

श्रीरंगरावांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "लहानपणी सायकलचं हँडल नीट धरता येत नव्हतं तिला."

"शिकवलंत कुणी?" मेधा म्हणाली.

"मीच."

"मग झालं तर!"

*

अंशुमनचा फोन तिन्हीसांजेला आला, वृषालीताई आकाशदिव्याची दोरी ओढत होत्या तेव्हा. आज त्याच्या आवाजात नियम नव्हता, धाप होती. मोठ्या दुर्बिणींनी खात्री केली होती. यान स्थिर आहे, तोंड योग्य बाजूला आहे, दोघंही जागेपणी ते चालवताहेत. बोलायची सोय नसली तरी त्यांना परतीची वाट नीट ठाऊक आहे, आणि आठवडाभरात ती समुद्रात उतरतील.

"काकू, तुम्ही ऐकताय ना? तुम्ही इतक्या शांत कशा?"

"ऐकतेय रे बाबा. देव तुझं भलं करो. तू जेवलास का?"

पलीकडे तो ओशाळून हसला. मग म्हणाला, "नाही, काकू. चार दिवस नीट नाहीच जेवलो."

"मग आता जेव."

दिवा वर चढला. त्यांनी माळ पुरी केली, एकही मणी न गाळता. आत मेधा मोदकांची उकड मळत होती आणि दादाला खोबरं खवायला बसवून त्याच्या खवण्याला नावं ठेवत होती. घरात कितीतरी दिवसांनी भांड्यांचा आवाज होत होता.

चतुर्थीचा चंद्र उशिरा उगवतो. काळोख पडल्यापासून तो वर येईपर्यंत तासाभराहून जास्त वेळ मोकळा मिळतो. आकाश कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं. वृषालीताईंनी वर बघितलं. डोक्यावर, जरासं उत्तरेला, डोळे बारीक केले तर दिसेल न दिसेल असा देवयानीचा पुसट डाग होता. थोड्याच दिवसांत लेक दारात उभी राहील. आधी अंघोळ करेल, मग जेवेल, आणि मग हात पुढे करून विचारेल, कुठाय माझा फोटो?

त्यांनी कोपऱ्यातली पाठपिशवी उचलली. गरम पट्टा आहे ना, बघितलं. शाल घेतली.

"वहिनी, उपास! चंद्र बघायचाय ना? मोदक गार होतील गो," मेधा आतून ओरडली.

"सड्यावरून चंद्र आधी दिसतो. बघून येते. तोवर झाकून ठेव."

स्कूटरशी श्रीरंगराव येऊन उभे राहिले. हाताला खोबऱ्याचा कीस, आणि त्याच हातात आतून आणलेली दह्याची वाटी. कुणी लांबच्या कामाला निघालं की हातावर दही घालायची या घराची रीत होती. उपासाला दही चालतं, हे त्यांनी न विचारता धरलं होतं. वृषालीताईंनी हात पुढे केला, दही चाटलं.

"येते हं," त्या म्हणाल्या.

श्रीरंगरावांनी कितीतरी महिन्यांनी मान वर केली. आकाशदिव्याच्या वर, पूर्वेला, सह्याद्रीच्या कडेशी कृत्तिका नुकत्याच उगवल्या होत्या. त्यांच्याकडे बघत, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"ये!"

वृषालीताईंनी स्कूटरचा दिवा मंद केला आणि सड्याची वाट धरली. वळणावर त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "आधी ध्रुव."